मधल्या टप्प्यावरची रॅकेट

पॅडेल खेळायला लागून वर्ष-दीड वर्ष झालं, की नवी रॅकेट घ्यावीशी वाटू लागते. पहिली बहुधा क्लबची भाड्याची असते, नाहीतर मित्राच्या सांगण्यावरून घेतलेली स्वस्तातली. तोवर मागच्या काचेवरून आलेला चेंडू परतवता येऊ लागलेला असतो, लॉब बऱ्यापैकी खोल पडत असतो आणि अगुस्तिन तापिया, आर्तुरो कोएलो यांचे सामने बघून हात शिवशिवत असतात. मग दुकानात नजर थेट वरच्या रांगेकडे जाते. तिथे हिऱ्याच्या आकाराची, काळ्याभोर कार्बनची, नामवंत खेळाडूचं नाव मिरवणारी रॅकेट टांगलेली असते आणि तिच्याखाली ‘पॉवर’ असं ठळक लिहिलेलं असतं.

ती विकत घेण्याआधी थोडं थांबावं, एवढ्यासाठी हा आढावा. मधल्या टप्प्यावरच्या खेळाडूने रॅकेट आधी बचावासाठी आणि स्वतःच्या कोपरासाठी निवडावी आणि स्मॅशचा विचार सगळ्यात शेवटी करावा, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं खेळाच्या घडणीतच आहेत.

पॅडेलचा जन्म १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोत झाला. एनरिके कोर्कुएरा यांनी घराच्या आवारात कोर्ट बांधलं, त्याला भिंती घातल्या आणि भिंतीवरून आलेला चेंडूही खेळात धरला. १९७४ मध्ये अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी तो खेळ स्पेनमध्ये मार्बेयाला नेला. तिथून तो स्पेनभर पसरला, अर्जेंटिनातही रुजला आणि आज या दोन देशांचेच खेळाडू त्यात आघाडीवर आहेत. कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, मागे काच, सर्व्हिस कमरेखालून, गुणांची मोजणी टेनिससारखी. पण टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या मागे गेलेला चेंडू गेला तो गेलाच. इथे तो काचेवर आपटून परत येतो. म्हणून अर्धवट ताकदीने मारलेला स्मॅश हा पॅडेलमधला सगळ्यात महागडा फटका. चेंडू जमिनीवर आपटतो, काचेला लागतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात, त्याला हव्या त्या उंचीवर, सावकाश येऊन उभा राहतो. स्मॅशने गुण हवा असेल तर चेंडू एक टप्पा घेऊन बाजूच्या तीन मीटरच्या भिंतीवरून बाहेर जायला हवा किंवा काचेवरून उसळून पुन्हा आपल्याच अर्ध्यात यायला हवा. ही ताकद मधल्या टप्प्यावर फार थोड्यांकडे असते आणि रॅकेट बदलून ती येत नाही.

मधला टप्पा म्हणजे नेमकं काय, हेही बघायला हवं. स्पेनमध्ये कोर्ट आरक्षित करण्याच्या अ‍ॅपवर खेळाडूला ० ते ७ अशी श्रेणी मिळते. त्यात अडीच-तीनपासून चारपर्यंतचे लोक म्हणजे साधारण आपण. पण आकड्यापेक्षा फटक्यांवरून हे लवकर कळतं. मागच्या काचेचा चेंडू परतवता येतो, पण बाजूची आणि मागची अशा दोन काचांना लागून आलेला अजून चकवतो. नेटजवळ व्हॉली जमते, पण अंगावर आलेली घाईत जाते. आणि डोक्यावरून येणाऱ्या लॉबला बांदेहा मारता येतो. बांदेहा म्हणजे तबक धरल्यासारखा हात नेऊन, चेंडूला थोडा काप देऊन, तो खोलवर ठेवण्याचा फटका. त्यातून गुण मिळावा अशी अपेक्षा नसते, फक्त नेटवरची जागा राखायची असते. आपल्या पातळीच्या सामन्यात डोक्यावरचे फटके मोजायला बसलात तर बहुतेक बांदेहाच निघतील. या फटक्याला लागतो तो नेमकेपणा. काचेवरून आलेल्या चेंडूला लागते ती सहज, कमी कष्टात चेंडू बाहेर टाकणारी रॅकेट. घाईतल्या व्हॉलीला लागतो मोठा स्वीट स्पॉट. ‘पॉवर’ लिहिलेली रॅकेट या तिन्ही ठिकाणी हात आखडता घेते.

आता रॅकेटकडे वळू. नियमांनी तिच्या बाहेरच्या मापांना चौकट घातलेली आहे. लांबी जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर, जाडी ३८ मिलिमीटर. मधल्या भागातल्या भोकांचा व्यास ९ ते १३ मिलिमीटर. मनगटात अडकवायची दोरी सक्तीची. तारा नाहीतच, त्यामुळे टेनिससारखं ‘दोन पौंड सैल ताणून द्या’ असं सांगण्याची सोय नाही. रॅकेट जशी घडली तशीच राहते आणि कालांतराने मरते. जवळजवळ सगळ्या रॅकेटी जाडी आणि लांबी कमाल मर्यादेपर्यंत नेतात. फरक उरतो तो आकारात, वजनाच्या वाटणीत आणि आतल्या गाभ्यात.

आकार तीन. गोल रॅकेटचा स्वीट स्पॉट मध्यभागी आणि ऐसपैस असतो, वजन हाताकडे झुकलेलं असतं. हिऱ्यासारख्या रॅकेटचा स्वीट स्पॉट वरच्या बाजूला सरकतो आणि आकसतो. वजन डोक्याकडे जातं, त्यामुळे स्मॅशमध्ये तरफ मिळते आणि बाकी सगळीकडे उशीर होतो. थेंबाच्या आकाराची या दोहोंच्या मधली. मधल्या खेळाडूने थेंबाची घ्यावी असा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो चुकीचा नाही, पण मला तो अपुरा वाटतो. जे उजव्या हाताने उजव्या बाजूला खेळतात, ज्यांच्याकडे खेळ बांधून ठेवण्याचं काम असतं, त्यांनी गोल रॅकेट कमी दर्जाची समजून टाळू नये. ती नवशिक्यांची असते हा समज दुकानांनी पसरवला आहे. मिगेल लाम्पेर्ती या अर्जेंटिनी खेळाडूच्या नावाची नॉक्सची एमएल१० प्रो कप ही रॅकेट गोल आकाराचीच आहे. डाव्या बाजूला खेळणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूला मधल्या भागातले चेंडू फोरहँडने मिळतात, डोक्यावरचे फटकेही जास्त येतात. त्याने थेंबाच्या आकाराचा विचार करावा.

वजनाबद्दल सगळे बोलतात, वजनाच्या वाटणीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बाजारात बहुतेक रॅकेटी ३५० ते ३७५ ग्रॅमच्या दरम्यान असतात. पण ३६५ ग्रॅमच्या दोन रॅकेटी हातात अगदी वेगळ्या लागू शकतात, कारण एकीचं वजन मुठीजवळ असतं आणि दुसरीचं टोकाकडे. रॅकेट एका बोटावर आडवी तोलून धरा आणि मुठीच्या बुडापासून तो बिंदू किती दूर आहे ते मोजा. साधारण २६ सेंटिमीटरच्या आत असेल तर ती फिरायला हलकी. त्याच्या पुढे प्रत्येक अर्धा सेंटिमीटर व्हॉलीच्या वेळी जाणवतो. आणखी एक गोष्ट. एकाच मॉडेलच्या दोन नगांत दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सर्रास असतो, म्हणून तर लेबलवर एकच आकडा न छापता ‘३६० ते ३७५’ असं छापतात. दुकानदाराला प्रत्यक्ष वजन करून दाखवायला सांगावं, त्यात संकोच कसला.

आपल्याकडे पॅडेलला येणारे बरेच जण दुसऱ्या खेळातून येतात आणि तिथेच गोची होते. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची. ती मनगटाच्या झटक्याने चालते. तोच झटका चारपट वजनाच्या, डोक्याकडे जड असलेल्या रॅकेटला दिला की भार थेट कोपराच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या स्नायुबंधांवर येतो. मुंबई-पुण्यात बॅडमिंटन खेळलेल्यांची संख्या पाहता हा इशारा मोठ्याने द्यायला हवा: वर्षानुवर्षं बॅडमिंटन खेळलेले असाल तर ३६० ग्रॅमच्या आतली, वजन हाताकडे असलेली रॅकेट घ्या. स्क्वॉशवाल्यांना काचेचा अंदाज आधीपासून असतो, त्यांनाही हलकी रॅकेट आवडते. टेनिसवाल्यांचं उलट. त्यांना तीनशे ग्रॅमच्या आसपासच्या पण ६८ सेंटिमीटर लांब रॅकेटची सवय असते, त्यामुळे पॅडेलची रॅकेट त्यांना खेळण्यासारखी वाटते आणि ते जड मागतात. त्यांचा हात ते वजन पेलतोही, पण लांब मागे नेलेला हात काचेला थडकतो. त्यांना वजन चालेल, टोकाकडचा झुकाव नको. ‘महिलांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रॅकेटींबद्दल एवढंच, की त्या बहुधा हलक्या असतात. हलकी हवी असेल तर पुरुषांनीही बघाव्यात, नको असेल तर बायकांनी त्या रांगेकडे फिरकू नये.

खरी कथा मात्र गाभ्यात आहे आणि तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. गाभा म्हणजे आतला फेस. हल्ली तो बहुतेक ईव्हीए नावाच्या रबरासारख्या पदार्थाचा असतो. मऊ, मध्यम, कडक असे त्याचे प्रकार, आणि प्रत्येक कंपनी त्याला आपापलं नाव देते. मऊ गाभा सावकाश आलेल्या चेंडूखाली दबतो आणि उसळी देऊन चेंडू बाहेर टाकतो. मागच्या काचेजवळ अडकलेला खेळाडू, हात फारसा न हलवता, नुसतं चेंडूखाली रॅकेट ठेवून लॉब उचलतो, तो या उसळीच्या जोरावर. पण पूर्ण ताकदीने मारलं की मऊ गाभा तळापर्यंत दबून जातो, चेंडू रुतल्यासारखा वाटतो आणि वेग तुटतो. कडक गाभ्याचं याच्या बरोबर विरुद्ध. हळू फटक्यात तो दगडासारखा, काही देत नाही. जोराच्या फटक्यात मात्र न दबता सगळी ताकद चेंडूला परत करतो. म्हणजे लेबलवरचं ‘पॉवर’ हे वेगाने हात फिरवणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. ज्याचा हात त्या वेगाने फिरत नाही त्याच्या हातात तीच रॅकेट आधीच्या स्वस्त रॅकेटपेक्षा कमी वेग देते. ‘एवढी महाग घेतली तरी चेंडू जात नाही’ ही तक्रार कोर्टावर वारंवार ऐकू येते, तिचं उत्तर हे आहे.

अति मऊही नको. नेटजवळ समोरून जोरात आलेला चेंडू अति मऊ रॅकेटवरून ट्रॅम्पोलिनसारखा उडतो आणि व्हॉली मागच्या काचेपर्यंत उंच जाते. नवशिक्याला ते चालतं, कारण तो नेटवर थोडाच वेळ असतो. मधल्या खेळाडूला चालत नाही. म्हणून मध्यम, किंवा मध्यमच्या जरा मऊ बाजूचा गाभा.

गाभ्यावरचा पृष्ठभाग फायबरग्लासचा असतो किंवा कार्बनचा. फायबरग्लास लवचिक, त्यामुळे चेंडूला उसळी देतो आणि हाताला धक्का कमी पोचवतो. कार्बन ताठ, नेमका, जास्त टिकाऊ. आता कार्बनवरचे ३के, १२के, १८के हे आकडे. हा ‘के’ म्हणजे हजार: विणकामातल्या एका जुडीत किती हजार तंतू आहेत, एवढंच तो सांगतो. आकडा वाढला म्हणजे रॅकेट कडक झाली किंवा चांगली झाली असं नाही. कडकपणा ठरतो तो तंतूचा दर्जा, थर किती, राळ कुठली आणि खाली गाभा कसला यावरून. ३के आणि १८के यांच्यातला फरक किमतीच्या चिठ्ठीवर जितका दिसतो तितका हातात जाणवत नाही, असं मी म्हणेन. त्याऐवजी जोडी बघावी. मध्यम गाभ्यावर फायबरग्लास, नाहीतर मऊ गाभ्यावर कार्बन: दोन्ही वाटा मधल्या खेळाडूला जवळपास एकाच ठिकाणी आणून सोडतात. कडक गाभ्यावर ताठ कार्बन ही जोडी टाळावी. आणि पृष्ठभागावरचा खरखरीतपणा? बांदेहाला काप देताना तो थोडी मदत करतो, पण वाळूचा असेल तर काही महिन्यांत झिजतो. काप येतो तो हाताच्या वळणातून. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

कोपराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण पॅडेलमध्ये सगळ्यात जास्त दुखावणाऱ्या जागांपैकी ती एक आहे. कडक गाभा, टोकाकडे वजन आणि स्वीट स्पॉटबाहेर लागलेला चेंडू हे तीन घटक एकत्र आले की कंप सरळ हातात उतरतो. मधल्या टप्प्यावर चेंडू बाहेर लागण्याचं प्रमाण अजून बरंच असतं, खेळण्याचे दिवस मात्र नवशिक्यापेक्षा वाढलेले असतात. म्हणून टेनिस एल्बोचा धोका या टप्प्यावर खरा. त्यात भर मुठीची. टेनिससारखी मुठीची मापं पॅडेलमध्ये मिळत नाहीत. रॅकेट एकाच, बारीक मुठीची येते. बारीक मूठ घट्ट आवळावी लागते आणि घट्ट आवळलेली मूठ दिवसभरात कोपराला थकवते. मोठ्या पंजाच्या माणसाने दोन ओव्हरग्रिप गुंडाळाव्यात. प्रत्येकीचं वजन पाचेक ग्रॅम, तेही मुठीत, त्यामुळे तोल हाताकडे सरकतो आणि रॅकेट फिरायला हलकी होते. शेदोनशे रुपयांत होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा. रॅकेटच्या डोक्यावर चिकटवायची संरक्षक पट्टी मात्र उलटं करते. ती काचेच्या घासण्यापासून वाचवते खरी, पण टोकाला वजन घालते. दुकानदार ती फुकट लावून देतो आणि नीट तोललेली रॅकेट घरी येईपर्यंत टोकाकडे जड झालेली असते. पातळ, पारदर्शक पट्टी लावा किंवा लावूच नका.

परदेशी परीक्षणं वाचताना हवामान लक्षात ठेवा. गाभा थंडीत कडक होतो, उन्हात मऊ पडतो; चेंडूही उन्हात जास्त उसळतो. स्पेनमध्ये म्हणून हिवाळ्यात मऊ आणि उन्हाळ्यात कडक रॅकेट घ्या असं सांगतात. आपल्याकडे त्या अर्थाने हिवाळाच नाही. स्वीडनच्या एखाद्या परीक्षणात जी ‘मध्यम’ ठरते ती एप्रिलमधल्या पुण्याच्या उघड्या कोर्टावर मऊ लागेल. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे तिथे चेंडू मुंबईपेक्षा जरा वेगाने जातो. पुण्यात खेळणाऱ्याने नियंत्रणाकडे आणखी झुकावं. मुंबईत प्रश्न घामाचा: ओव्हरग्रिप दर दोन-तीन सामन्यांनी बदलली नाही तर रॅकेट हातात फिरते, आणि मग कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. दुबईत खेळणाऱ्या मराठी मंडळींनी वातानुकूलित हॉल आणि बाहेरचं कोर्ट यांतला फरक लक्षात घेऊन, जिथे जास्त खेळता त्या हिशेबाने निवड करावी. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नये. उन्हात तापलेल्या डिकीत गाभा आणि राळ दोन्ही बिघडतात.

नावांकडे येऊ. बाबोलाच्या वायपर मालिकेत तीन आकार सरळ समोर ठेवलेले आहेत: टेक्निकल हिऱ्याची, एअर थेंबाची, काउंटर गोल. हे तिन्ही एकापाठोपाठ हातात घेऊन पाहिले तर आकाराबद्दल वर लिहिलेलं सगळं दहा मिनिटांत कळतं. पण ती मालिका वरच्या खेळाडूंची आहे. मधल्या खेळाडूने त्याच आकारांच्या, एक पायरी खालच्या मॉडेलांकडे बघावं. नॉक्सची एमएल१० प्रो कप, गोल आणि फायबरग्लासची, कित्येक वर्षं मधल्या खेळाडूंना सुचवली जाते आणि मीही डोळे मिटून तीच सुचवेन. तापियाच्या नावाची एटी१० जीनियस थेंबाची. नियमित सराव असलेल्या, कोपर धडधाकट असलेल्या डाव्या बाजूच्या खेळाडूने तिचा विचार करावा. बुलपॅडेलच्या व्हर्टेक्स आणि हॅक या आक्रमक खेळाडूंच्या, हिऱ्याच्या आकाराच्या. आपल्या टप्प्यावर नको. आदिदासच्या मेटलबोनमध्ये स्क्रूने वजनं बदलता येतात, त्यामुळे तोल म्हणजे काय हे शिकायला ती छान, पण मूळ घडण जोरात मारणाऱ्यांचीच. आणि एक सावधगिरी: कंपन्या नाव तेच ठेवून दरवर्षी रॅकेट बदलतात. मागच्या वर्षीची मऊ होती म्हणून यंदाचीही असेल असं धरू नका.

किमतीच्या बाबतीत मधल्या खेळाडूला मोठी मोकळीक आहे. युरोपात अव्वल मॉडेल तीनशे युरोच्या आसपास जातात, मधल्या दर्जाची त्याच्या निम्म्यात मिळतात. आपल्याकडे आयातीचा खर्च चढतो, त्यामुळे चांगल्या रॅकेटचा आकडा सहज पाच अंकी होतो. नवी आवृत्ती आली की मागच्या वर्षीची उतरते आणि ती उतरलेली घेण्यात काहीही कमीपणा नाही. फार स्वस्त दिसणारी ‘अव्वल’ रॅकेट मात्र टाळावी. नामांकित मॉडेलांच्या नकला ऑनलाइन भरपूर फिरतात. बाहेरचा रंग हुबेहूब असतो, आतला गाभा कुठला ते कोणी सांगू शकत नाही.

घेण्याआधी मागून आणून खेळा. क्लबमध्ये कोणाची तरी असतेच, आणि पॅडेलचे लोक या बाबतीत उदार असतात. मागून आणलेल्या रॅकेटने पहिल्यांदा स्मॅश मारून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. पंधरा मिनिटं फक्त मागच्या काचेवरून लॉब उचला. मग जोडीदाराला नेटजवळ अंगावर चेंडू मारायला सांगा आणि फक्त अडवत राहा. मग बांदेहा. ही चाचणी खेळाच्या सुरुवातीला करू नका, तासभर खेळून दमल्यावर करा. ताज्या हाताला कुठलीही रॅकेट हलकी लागते. स्वीट स्पॉटबाहेर लागलेल्या चेंडूचं काय होतं तिकडे लक्ष ठेवा: चेंडू नुसता थोडा आखूड पडतो, की हात झिणझिणतो?

आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याची रॅकेट साधारण वर्षभर जोमात राहते. नंतर गाभ्याची उसळी जाते, आवाज बोदा होतो आणि खेळाडूला वाटतं आपलाच खेळ बिघडला. जुनी रॅकेट विकत घेत असाल तर मुठीच्या वरच्या दुबेळक्यात आणि भोकांच्या कडांना केसासारखी चीर आहे का ते उजेडात धरून बघा. चेंडू रॅकेटच्या वेगवेगळ्या भागांवर हलकेच उसळवा. एका जागी आवाज वेगळा आला तर तिथे पृष्ठभाग गाभ्यापासून सुटलेला आहे, ती घेऊ नका. आणि नवी घेतली तरी स्वतःची जुनी लगेच विकू नका. महिनाभर दोन्ही पिशवीत ठेवा, एकाच सामन्यात सेट बदलून वापरा. महिन्याने काचेजवळ अडचणीत असताना हात ज्या रॅकेटकडे जाईल ती ठेवा, दुसरी विका.